निवृत्त पोलिसाचे पिस्तूल

सेवेचा अखेरचा दिवस आला, की पोलीस अधिकारी गणवेश उतरवितो. परंतु ज्यांना त्याने तुरुंगात धाडले, त्यांचा राग काही त्याच्याबरोबर निवृत्त होत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या साध्या अनुभवातून एक मोठा घटनात्मक वाद उभा राहिला.

त्या देशात शस्त्र जवळ बाळगण्याचे नियम प्रत्येक राज्य आपापले करते. त्यामुळे एका राज्यात आयुष्यभर कायदा राखलेला अधिकारी शेजारच्या राज्याची सीमा ओलांडताच गुन्हेगार ठरू शकत असे. पोलिसांच्या संघटनांनी याविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. उलट, पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रस्तावित कायद्यास विरोध केला. राज्यांचा अधिकार केंद्राने हिरावून घेऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. अखेर 22 जुलै 2004 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याअन्वये कार्यरत व निवृत्त अशा दोन्ही अधिकाऱ्यांना देशभर पिस्तूल झाकून बाळगण्याची मुभा मिळाली.

ही मुभा मात्र बिनशर्त नव्हे. अधिकारी निष्कलंकपणे सेवामुक्त झालेला असावा. सेवेची अट मूळ कायद्यात 15 वर्षांची होती. 2010 च्या दुरुस्तीने ती 10 वर्षांवर आली. जवळ छायाचित्रासह ओळखपत्र हवे. शिवाय गेल्या 12 महिन्यांत, स्वखर्चाने, कार्यरत अधिकाऱ्यांसाठी ठरलेली नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. मद्याच्या अमलाखाली ही सवलत चालत नाही, आणि खाजगी जागेचा मालक आपल्या आवारात शस्त्रास मनाई करू शकतो.

खरी मेख येथेच आहे. साऱ्या देशासाठी या परीक्षेचे एकच माप ठरलेले नाही. न्यू जर्सी राज्याने तर वर्षातून दोनदा परीक्षा, स्वतंत्र परवाना आणि 75 वर्षांची वयोमर्यादा घातली होती. निवृत्तांनी दाद मागितली, आणि 2024 मध्ये संघीय अपील न्यायालयाने केंद्रीय कायदाच श्रेष्ठ असल्याचा निर्णय दिला.

वृद्ध हातातील शस्त्र संरक्षक ठरेल की घातक, या शंकेला केंद्रीय कायद्याने दिलेले उत्तर मोठे व्यवहारी आहे. जुन्या सेवेचा मान राखावा. पण डोळा आणि हात अजून स्थिर आहेत, याचा पुरावा दरसाल नव्याने मागावा.