‘उत्तर प्रदेश’ : दोन अक्षरे राखण्यासाठी घडवलेले नाव

लखनौ : देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याला त्याचे आजचे नाव २४ जानेवारी १९५० रोजी मिळाले. प्रजासत्ताक अस्तित्वात येण्यास दोन दिवस उरले असताना गव्हर्नर जनरलच्या आदेशाने ‘संयुक्त प्रांत’ हे नाव जाऊन त्या जागी ‘उत्तर प्रदेश’ आले. ‘महाराष्ट्र’ या नावाचा उल्लेख इ.स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात सापडतो. बंग, उत्कल, गुर्जर ही नावेही शतकानुशतके लोकांच्या तोंडी आहेत. उत्तर प्रदेशाला असा वारसा नाही. हे नाव सरकार दरबारी घडले आणि ते घडवताना भाषा वा इतिहासापेक्षा इंग्रजी आद्याक्षरांचा विचार अधिक प्रभावी ठरला.

नाव नवे असले तरी प्रदेश अर्थातच प्राचीन आहे. काशी, कोसल, पांचाल, शूरसेन आणि वत्स ही महाजनपदे याच भूमीतील. परंतु मेरठपासून बलियापर्यंतच्या साऱ्या मुलखाला व्यापणारे एकच नाव इतिहासात क्वचितच आढळते. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात नर्मदेपलीकडील मुलखाला सरसकट ‘हिंदुस्थान’ म्हटले जाई. गंगा-यमुनेच्या दुआबास ‘अंतर्वेद’, तर लखनौच्या नबाबास ‘अयोध्येचा नबाब’. ‘अवध’ हा ‘अयोध्या’ या शब्दाचाच लोकभाषेतील अवतार आणि इंग्रजांचे ‘औध’ हा त्याचाही अपभ्रंश. राजधानी फैजाबादहून १७७५ मध्ये लखनौला आली, तरी मराठी कागदपत्रांत नबाब अयोध्येचाच राहिला.

इंग्रजी अंमलातील पहिले नाव तर नाव म्हणण्याजोगेही नव्हते. नबाब सआदत अली खान यांनी १८०१ मध्ये रोहिलखंड, गोरखपूर आणि दुआबाचा खालचा भाग ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. दोन वर्षांनी दिल्ली आणि लासवारी येथील पराभवांनंतर दौलतराव शिंदे यांना ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये दुआबाचा वरचा भाग, दिल्ली आणि आग्रा सोडावे लागले. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे झालेल्या या तहाने आजच्या उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग कंपनीकडे गेला. या साऱ्या मुलखाला कंपनीने ‘सोपवलेले व जिंकलेले प्रांत’ असे संबोधले. भूमी कोणाची, यापेक्षा ती हाती कशी आली, एवढेच त्या नावात नोंदलेले होते.

पुढे काही काळ आग्रा हा स्वतंत्र इलाखा करण्याचा घाट घालण्यात आला. तो बारगळल्यावर १८३६ मध्ये ‘वायव्य प्रांत’ हे नाव आले. येथील वायव्य दिशा कलकत्त्याहून मोजलेली होती. कंपनीचा अंमल तेव्हा दिल्लीच्या आसपास संपत असल्याने हिशेब जुळत होता. मात्र १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि ‘वायव्य’ प्रांत इंग्रजी राज्याच्या मधोमध येऊन पडला. चुकीचे झालेले हे नाव तरीही आणखी अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. अखेर लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०१ मध्ये पेशावरकडे ‘वायव्य सरहद्द प्रांत’ निर्माण झाला, तेव्हा दोन ‘वायव्य’ एकमेकांत मिसळू लागले आणि नाव बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

लखनौचा इतिहास या काळात वेगळ्या वाटेने चालला होता. गाझीउद्दीन हैदर यांनी १८१९ मध्ये इंग्रजांच्या प्रोत्साहनाने ‘बादशाह’ ही पदवी धारण केली. दिल्लीच्या मोगल बादशहाचे वजीर म्हणवणाऱ्या घराण्याने स्वतंत्र राज्याची घोषणा करावी, हे कंपनीच्या पथ्यावर पडणारे होते. हे राज्य जेमतेम ३७ वर्षे टिकले. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले आणि वाजिद अली शाह यांची रवानगी कलकत्त्यानजीक मटियाबुर्ज येथे झाली. त्यानंतरही १८७७ पर्यंत अवधचा कारभार स्वतंत्र चीफ कमिशनरकडे होता. त्या वर्षी तो वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडे सोपवण्यात आला, आणि १९०२ मध्ये दोन्ही भागांना मिळून ‘आग्रा व अवधचे संयुक्त प्रांत’ असे लांबलचक नाव देण्यात आले. उर्दू कागदपत्रांत याचे रूप ‘ममालिक-ए-मुत्तहिदा’ असे होई. ‘ममालिक’ हे ‘मुल्क’ या शब्दाचे अनेकवचन. म्हणजे शब्दशः ‘जोडलेले देश’.

जोड कागदावर झाला तरी सांधा दिसतच राहिला. आग्रा भागातील जमीनदारी आणि अवधची तालुकदारी यांचे कायदे निराळे होते. अवधसाठी १८८६ चा भाडेपट्टा कायदा, तर आग्र्यासाठी १९२६ चा कूळ कायदा. उच्च न्यायालय अलाहाबादला, तर अवधचे मुख्य न्यायालय लखनौला. राजधानीचे अलाहाबादहून लखनौला स्थलांतर १९२० नंतर टप्प्याटप्प्याने झाले. गव्हर्नर हार्कोर्ट बटलर यांनी १९२१ मध्ये पायाभरणी केलेली कौन्सिल हाऊसची इमारत, म्हणजे आजचे विधान भवन, १९२८ मध्ये वापरात आली. १९३५ च्या कायद्याची अंमलबजावणी १९३७ मध्ये झाली तेव्हा अधिकृत नावातील ‘आग्रा व अवध’ गळून पडले आणि ‘संयुक्त प्रांत’ एवढेच उरले. काय काय संयुक्त झाले, हे सांगणारे शब्दच गेल्यामुळे नाव अधिकच पोकळ झाले. लोकांनी मात्र त्यातून सोयीचा संक्षेप काढला होता : यू. पी.

स्वातंत्र्यानंतर वसाहतकाळातील हे नाव बदलावे, यावर फारसे दुमत नव्हते. रामपूर, टिहरी गढवाल आणि बनारस ही संस्थाने १९४९ मध्ये प्रांतात विलीन झाल्याने नव्या नावाची गरज अधिकच ठळक झाली. प्रश्न होता तो कोणत्या नावाचा. गोविंद वल्लभ पंत तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री होते. अवध, ब्रह्मावर्त, मध्यदेश, हिंद अशी अनेक नावे पुढे आली. प्रांतिक काँग्रेसचा कौल ‘आर्यावर्त’ या नावाला मिळाला.

येथेच वादाला तोंड फुटले. ‘आर्यावर्त’ ही संज्ञा प्राचीन ग्रंथांत हिमालय आणि विंध्य यांच्यामधील साऱ्या भूमीसाठी वापरली आहे. तीत पंजाब, बिहार आणि राजस्थानही येतात. घटना समितीने सप्टेंबर १९४९ मध्ये ‘इंडिया, म्हणजेच भारत’ हा शब्दप्रयोग स्वीकारून दोन महिनेही झाले नव्हते. अशा वेळी एका प्रांताने साऱ्या देशाचे वाटावे असे नाव घेणे अन्य प्रांतांच्या सदस्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. लोकसंख्येने आणि राजकीय वजनाने आधीच सर्वांत मोठा असलेला प्रांत देशाच्या नावावरही हक्क सांगत आहे, अशी शंका या विरोधामागे होती. हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. ‘हिंद’ या नावालाही तोच दोष लागू पडत होता, तर ‘अवध’ म्हटल्यास आग्रा, मेरठ, झाशी आणि कुमाऊँ बाहेर राहत होते.

‘उत्तर प्रदेश’ या नावाने ही कोंडी फोडली. त्यात कोणाचा दावा नव्हता, कोणाचा अभिमान दुखावत नव्हता आणि ‘यू. पी.’ ही आद्याक्षरे जशीच्या तशी राहत होती. तारांचे पत्ते, सरकारी शिक्के, पोलिसांचे बिल्ले, न्यायालयांतील कायद्यांची संक्षिप्त नावे यांतील काहीही तातडीने बदलण्याची गरज उरली नाही. संयुक्त प्रांताचा १९१० चा अबकारी कायदा आणि १९४७ चा पंचायत राज कायदा आजही ‘यू. पी.’ याच अक्षरांनी उद्धृत होतात. विस्तारित रूप बदलल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

नव्या नावाची तारीख आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. त्याच २४ जानेवारीला घटना समितीची अखेरची बैठक झाली, सदस्यांनी राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या केल्या आणि ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले. त्या गीतात महाराष्ट्रासह अनेक प्रदेशांचा नावानिशी उल्लेख आहे. गंगा आणि यमुना याही नद्या आहेत. पण त्या नद्यांच्या काठच्या या प्रांताचे नाव नाही. १९११ मध्ये कवीने घ्यावे असे नावच या प्रांतापाशी नव्हते, असे म्हणता येईल.

मराठी वाचकांना अशा नावाचा अनुभव अगदीच परका नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडाचे १९५० मध्ये ‘मध्य प्रदेश’ झाले आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भ त्या दिशादर्शक नावातून बाहेर पडला. उत्तर प्रदेशाला तशी वाट मिळाली नाही.

याचा परिणाम भाषेत दिसतो. महाराष्ट्राचा तो मराठी, बंगालचा तो बंगाली. उत्तर प्रदेशाच्या रहिवाशासाठी असा सहज शब्द नाही. ‘यूपीवाला’ हा बोलीतला शब्द इंग्रजी आद्याक्षरांना प्रत्यय लावून करावा लागला. मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य करणारी मंडळी स्वतःला जौनपूरची, आझमगडची वा बनारसची म्हणवतात. संस्था स्थापन करताना ‘उत्तर भारतीय’ हे बिहारलाही सामावून घेणारे नाव पसंत करतात. इतरांनी त्यांना दिलेला ‘भैया’ हा मूळचा आदराचा नातेवाचक शब्द मुंबईत कधी आपुलकीने, तर अनेकदा तुच्छतेने वापरला जातो. राज्याच्या नावाने न भरलेली पोकळी अशी दुसऱ्या शब्दांनी भरली.

नावाचा प्रश्न अखेर राज्याच्या आकाराशी येऊन भिडतो. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालाला जोडलेल्या भिन्न मतपत्रिकेत आयोगाचे सदस्य के. एम. पणिक्कर यांनी पश्चिमेकडील जिल्ह्यांचे स्वतंत्र आग्रा राज्य करावे असे सुचवले. एकाच राज्याचे असे प्राबल्य संघराज्याला घातक ठरेल, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भाषावार राज्यांवरील आपल्या इंग्रजी पुस्तिकेत उत्तर प्रदेशाचे तीन भाग करून मेरठ, कानपूर आणि अलाहाबाद या राजधान्या सुचवल्या. त्या यादीत लखनौ नाही. दोन्ही सूचना मान्य झाल्या नाहीत. पंत तोवर केंद्रीय गृहमंत्री झाले होते आणि त्यांचा विभाजनाला विरोध होता.

विभाजन झाले ते ९ नोव्हेंबर २००० रोजी, आणि तेही डोंगराळ जिल्ह्यांपुरते. तेथेही नावाचा वाद झालाच. आंदोलकांनी ‘उत्तराखंड’ या नावाने लढा दिला होता, पण राज्य स्थापन झाले ‘उत्तरांचल’ नावाने. मूळ मागणीतले नाव १ जानेवारी २००७ पासून आले. या विभाजनाने ‘उत्तर प्रदेश’ या नावातील दिशाही सैल झाली, कारण त्याच्या उत्तरेला आता उत्तराखंड आहे. लोकसभेच्या जागा ८५ वरून ८० झाल्या. २०११ च्या जनगणनेत उर्वरित राज्याची लोकसंख्या १९ कोटी ९८ लाख भरली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी मायावती यांच्या सरकारने पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध प्रदेश आणि पश्चिम प्रदेश अशी चार राज्ये करण्याचा ठराव विधानसभेत गदारोळात संमत करून घेतला. त्या चारांपैकी एकाही नावात ‘उत्तर’ नव्हते. केंद्राने स्पष्टीकरणे मागत ठराव परत पाठवला.

नावाला उत्सवाचे रूप देण्यात एका मराठी नेत्याचा वाटा आहे. मुंबईचे माजी खासदार राम नाईक जुलै २०१४ ते जुलै २०१९ या काळात उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. महाराष्ट्र दिनाप्रमाणे या राज्याचाही दिवस साजरा व्हावा, असा आग्रह त्यांनी लखनौच्या राजभवनातून धरला. मुंबईतील उत्तर भारतीय मंडळी २४ जानेवारीचा कार्यक्रम त्याआधीपासून करत होती; खुद्द लखनौमध्ये सरकारी पातळीवर पहिला ‘उत्तर प्रदेश दिवस’ २०१८ मध्ये, अवध शिल्पग्राम येथे, उपराष्ट्रपती एम. वेंकय्या नायडू यांच्या उपस्थितीत झाला. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेचा प्रारंभही त्याच दिवशी झाला. लखनौची चिकनकारी, मुरादाबादची पितळी भांडी, भदोहीचे गालिचे अशी जिल्हावार ओळख तीत सांगितली जाते.

जुनी नावे मात्र पूर्णपणे गेलेली नाहीत. अलाहाबाद शहराचे २०१८ मध्ये प्रयागराज झाले, तरी उच्च न्यायालय अलाहाबाद उच्च न्यायालयच आहे. अवधचे मुख्य न्यायालय १९४८ मध्ये त्यात विलीन झाले. त्याचा वारसा सांगणाऱ्या लखनौ खंडपीठातील वकिलांची संघटना आजही आपले नाव इंग्रजीत जुन्या ‘औध’ याच रूपात लिहिते.