निवडणूक-खर्चाच्या हिशेबाची कथा

ज्ञातिबांधव निवडणुकीस उभा राहिला की आपण हौसेने पदरचा पैसा खर्च करतो. या हौसेस कायद्याचे बंधन आहे. ते कसे घडत गेले, हे थोडक्यात निवेदन करतो.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची मर्यादा व हिशेबाची सक्ती घातली. पुढे दिल्लीतील सदर मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली निर्णय दिला की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याचाच होय. परंतु त्याच वर्षी वटहुकूम निघाला आणि पक्ष, संस्था व इष्टमित्र यांचा खर्च मर्यादेबाहेर गेला. दाराला कुलूप, खिडकी मात्र सताड उघडी! ही सवलत 2003 साली काढून घेण्यात आली. पक्षनेत्यांचा प्रचारप्रवास तेवढा वगळला गेला.

उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत सादर करावा लागतो. 2011 साली उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी वृत्तपत्रांतील मजकुराचा खर्च दाखविला नाही, म्हणून निवडणूक आयोगाने त्यांस 3 वर्षे अपात्र ठरविले.

म्हणून बंधुभगिनींनो, मंडप असो वा मोटार, उमेदवाराच्या लेखी अनुमतीवाचून खर्च करू नये आणि केलेला खर्च त्यास अवश्य कळवावा. गणितात नुसते उत्तर बरोबर येऊन भागत नाही, रीतही दाखवावी लागते. न नोंदलेले आपले प्रेमच आपल्या माणसाचे पद घालवील.