स्कॉटलंडच्या तीन भाषा

स्कॉटलंड हा केवळ इंग्रजी बोलणारा देश आहे, असें आपणांस सामान्यतः वाटतें. वस्तुतः तेथें तीन भाषा शेकडों वर्षें शेजारीं नांदत आल्या आहेत. मुलाला इंग्रजींत ‘चाइल्ड’, स्कॉट्समध्यें ‘बेअर्न’ व गेलिकमध्यें ‘ल्येनव’ म्हणतात. पहिल्या दोघींचा उगम प्राचीन इंग्रजींत आहे. गेलिक आयरिश भाषेच्या कुळांतली. तिघींपैकीं एकच बलिष्ठ कां झाली, याचें उत्तर रणांगणापेक्षां चर्चमध्यें व शाळेंत अधिक सांपडतें.

१५ व्या शतकांत स्कॉट्स ही दरबारची भाषा होती. पार्लमेंटचे कायदे तींतच लिहिले जात. पुढें १५६० त धर्मसुधारणा झाली, आणि चर्चमध्यें वाचलें जाऊं लागलें तें इंग्रजी बायबल. १६०३ त राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला व दरबार लंडनला गेला; १७०७ त एडिंबरोचें पार्लमेंटही संपलें. स्कॉट्सला उरलीं तीं चूल, शेत आणि बाजार. १७८६ त रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याचा स्कॉट्स कवितांचा संग्रह निघाला व लोकांनीं तो डोक्यावर घेतला. दुसऱ्याच वर्षीं जेम्स बीटी या ॲबर्डीनच्या प्राध्यापकाची, टाळावयाच्या स्कॉट्स प्रयोगांची यादी एडिंबरोस छापली गेली! भाषा काव्यांत गोड, पण सभ्य माणसाच्या तोंडीं अशुद्ध, असा हा न्याय.

गेलिकची कथा निराळी. १६०९ च्या आयोना येथील कलमांनुसार ज्या बेटकऱ्याजवळ ६० गुरें असतील, त्यानें थोरला मुलगा, मुलगा नसल्यास थोरली मुलगी, इंग्रजी शिकण्यासाठीं सखल प्रदेशांतील शाळेंत पाठविणें बंधनकारक झालें. मात्र या भाषेला चर्चचा आश्रय लाभला: १७६७ त बायबलचा नवा करार व १८०१ पर्यंत संपूर्ण बायबल गेलिकमध्यें आलें. परंतु १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यांत गेलिकचें नांवही नव्हतें. रविवारीं ज्या भाषेंत देव आळवावा, ती सोमवारीं शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागे. जमिनींवरून झालेली हकालपट्टी व देशांतर यांनींही तिचें बळ घटविलें. १८९१ च्या शिरगणतींत गेलिक बोलणारे २.५ लाखांहून अधिक होते. २०११ त ते सुमारें ५७ हजार उरले.

आतां वारें फिरलें आहे. २०११ च्या शिरगणतींत स्कॉट्सविषयीं प्रथमच विचारणा झाली, तेव्हां सुमारें १५ लाख लोकांनीं ती बोलतों असें सांगितलें. २०२५ च्या कायद्यानें दोन्ही भाषांस अधिकृत मान्यता दिली. गेलिक बोलणारेही २०२२ त सुमारें ७० हजारांवर गेले. परंतु जें तिचें माहेर, त्या पश्चिमेकडील बेटांवर तिचे बोलणारे त्याच सुमारास निम्म्याहून खालीं आले. शाळेनें हिरावलेली भाषा शाळा पुन्हा शिकवूं शकते. मात्र आईनें मुलाला तींत हांक मारावी, हें काम शाळेच्या हातचें नाहीं.