ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर

कर्तृत्वाचें सारें श्रेय एकाच पुरुषाच्या पदरीं घालण्याची इतिहासकारांस मोठी हौस. इंग्लंडांतील विख्यात फुटबॉल-व्यवस्थापक ब्रायन क्लफ याच्या कथेंत या हौसेपायीं पीटर टेलर मागें पडला आहे.

क्लफ १९३५ सालीं मिडल्सब्रो येथें जन्मला. आघाडीचा खेळाडू म्हणून आधीं स्वतःच्या गांवच्या व मागाहून संडरलंडच्या संघाकडून लीगच्या २७४ सामन्यांत त्यानें २५१ गोल केले. इतकें असून राष्ट्रीय संघांत त्याची वर्णी लागली ती अवघ्या दोन सामन्यांपुरती! २६ डिसेंबर १९६२ रोजीं प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशीं टक्कर होऊन त्याचा गुडघा जायबंदी झाला. वय वर्षें २७. पुढें तो मैदानांत उतरला खरा, पण तीन सामन्यांतच ती उमेद संपली.

१९६५ त चौथ्या विभागांतील हार्टलपूल्स संघाचें व्यवस्थापन त्यानें पत्करलें आणि सोबतीस बोलाविलें तें टेलरला. टेलर हा मिडल्सब्रोच्या संघांतील त्याचा जुना मित्र, गोलरक्षक. गोल अडविणाऱ्यानें माणसें हेरावीं व गोल करणाऱ्यानें त्यांच्याकडून खेळ करवून घ्यावा, अशी उभयतांची वांटणी ठरून गेली. दुसऱ्या विभागांत खितपत पडलेला डर्बीचा संघ त्यांनीं १९७२ सालीं देशांत अजिंक्य केला.

१९७४ त लीड्सला मात्र क्लफ एकटा गेला व ४४ दिवसांत पदच्युत झाला. त्या संघाची जाहीर निंदा तो पूर्वीं मनसोक्त करून चुकला होता, तेव्हां सारा दोष टेलरच्या अभावाचा म्हणतां येणार नाहीं. शिवाय त्याआधीं ब्रायटनला दोघे एकत्र असतांहि फारसें कांहीं साधलें नव्हतें. पण नॉटिंगहॅम फॉरेस्टची हकीकत बोलकी आहे. १९७५ च्या आरंभीं क्लफ तेथें गेला. संघ दुसऱ्या विभागांतच राहिला. १९७६ त टेलर आला. १९७७ त बढती, १९७८ त इंग्लंडचें अजिंक्यपद, १९७९ व १९८० त युरोपियन कप! या दोन्ही अंतिम सामन्यांत निर्णायक ठरला जॉन रॉबर्टसन : पहिल्यांत त्यानें दिलेल्या चेंडूवर गोल झाला, दुसऱ्यांत तो त्यानेंच केला.

१९८२ त टेलर फॉरेस्ट सोडून गेला व डर्बीचा व्यवस्थापक झाला. पुढल्या वर्षीं याच रॉबर्टसनला त्यानें क्लफला न कळवितां आपल्याकडे नेलें, आणि स्नेह तुटला. १९९० त टेलर वारला तोंपर्यंत अबोला सुटला नाहीं. क्लफच्या हातून लीगचें अजिंक्यपद पुन्हां आलें नाहीं; १९९३ त संघ खालच्या विभागांत घसरला व तो निवृत्त झाला. १९९४ मध्यें निघालेलें आत्मचरित्र त्यानें टेलरला अर्पण केलें. २००४ त तोहि गेला. नॉटिंगहॅमांत क्लफचा पुतळा एकट्याचा आहे. डर्बीस २०१० मध्यें उभारलेला पुतळा दोघांचा.