एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानची नवी प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, नवी वेळ ५ तास ३० मिनिटे. काटा ३९ मिनिटांनी पुढे गेला. ५ जानेवारीला जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी या वेळेविरुद्ध काम नाकारले. गिरणीवर दगड पडले.

याला अडाण्यांचा घड्याळद्वेष म्हणून मोकळे होता येत नाही. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली होती. मागण्या नेमक्या होत्या : काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, दुपारी अर्ध्या तासाची सुटी, आठवड्याला एक रजा. म्हणजे कामगाराला मोजमाप हवेच होते. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची हद्द पुसली गेली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबू लागला. अशा वेळी काटा पुढे सरकला, तर सकाळ ३९ मिनिटे आधी उजाडणार हे नक्की. संध्याकाळ तितकीच आधी संपेल याची हमी कोण देणार?

आज हाच पेच लिफ्टमधल्या किंवा धुलाईयंत्रातल्या इवल्याशा संगणकापुढे असतो. त्याच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला, म्हणजे कर्नेलला, टायमर सेकंदाला शंभर किंवा हजार वेळा टोकतो. या टोकण्याला टायमर इंटरप्ट म्हणतात. ते सांभाळण्याचे नियम साधे आहेत. हातातले अर्धे काम जपून ठेवावे, ठोका मोजावा, लांबणारे काम मागाहून करावे आणि होते तिथे परतावे. छोटा प्रोसेसर मोठी संख्या दोन तुकड्यांत वाचतो. मध्येच ठोका पडला तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी भलतीच संख्या हाती येते. म्हणून तेवढा क्षण इंटरप्ट रोखून धरतात. फार वेळ रोखला तर ठोकाच हुकतो.

शिवाय जाणता कर्नेल दोन घड्याळे ठेवतो. एक भिंतीवरचे, ते दुरुस्त करता येते, पुढेमागे सरकवता येते. दुसरे यंत्र सुरू झाल्यापासूनचे ठोके मोजते आणि कधी उडी मारत नाही. किती वेळ झाला, हे दुसऱ्यालाच विचारायचे.

मुंबईत भांडण भिंतीवरच्या घड्याळाचेच गाजले. १९०६मध्येच महापालिकेने पुन्हा मुंबई टाइमचा ठराव केला आणि स्वातंत्र्यानंतरही काही काळ शहरात दोन वेळा नांदल्या. गिरणगावाला दुसरे घड्याळ हवे होते. ते कायद्याने हळूहळू दिले : प्रौढ पुरुषांच्या कामाला १९११मध्ये कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा आली, १९२२मध्ये ११ आणि १९३४मध्ये १० तासांची. काटा कुठेही असो, मोजायचे ते तास.