घरबशी डिस्क हिंडायला कशी लागली

पोर्टेबल हार्ड डिस्कची कुळकथा बहुतेक वेळा आकसण्याची कथा म्हणून सांगितली जाते. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' हा संगणक बाजारात आणला. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने त्यासाठी घडवलेल्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या. वजन टनाच्या घरात होतं आणि एवढ्या पसाऱ्यात ५० लाख अक्षरं मावत. शेजारी आजची खिशात राहणारी दोन टीबीची डिस्क ठेवली की वाचक थक्क होतो आणि गोष्ट संपते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या वस्तूच्या नाजूकपणाचा उलगडा तिच्यातून होत नाही. टेबलावरून पडली, संपली. कॉपी चालू असताना केबल ओढली गेली, फाइली गेल्या. वर्षभर कपाटात राहिली आणि लावून बघावी तर 'डिटेक्टच होत नाहीये'. नेण्याआणण्यासाठीच जन्मलेली वस्तू नेण्याआणण्याला एवढी घाबरली नसती. माझं म्हणणं असं, की ती त्यासाठी जन्मलेलीच नाही. एका जागी बसून, अखंड वीज घेत, स्वच्छ हवेत फिरत राहणं हा या यंत्राचा मूळ धर्म. त्याला हिंडायला लावलं ते बऱ्याच उशिरा, आणि तेही त्याच्या घडणीत मुळापासून बदल न करता.

डिस्क उचलून नेण्याची हौस मात्र जुनी आहे. १९६२ मध्ये आयबीएमच्याच १३११ या यंत्राबरोबर सहा तबकड्यांचा एक सुटा गठ्ठा आला. साडेचार किलोच्या आसपास वजन, वर मूठ असलेलं प्लास्टिकचं झाकण. एका यंत्रातून काढायचा, दुसऱ्यात बसवायचा. पगारपत्रकं एका गठ्ठ्यात, मालसाठा दुसऱ्यात, अशी सोय झाली. पण तबकड्या बाहेर आणि लिहिणारी-वाचणारी हेडं यंत्रात, अशी ताटातूट होती. एका यंत्राने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायचं तर दोघांची मापं जुळायला हवीत, म्हणून माहितीच्या रेघा ऐसपैस अंतरावर आखाव्या लागत; झाकण काढता-घालताना धूळ शिरे ती वेगळीच. १९७३ च्या ३३४० या यंत्रात केन हॉटन यांच्या गटाने यावर तोड काढली. तबकड्या, हेडं आणि हेडं हलवणारा दांडा, सगळं एकाच बंद डब्यात घातलं. म्हणजे ज्या हेडाने लिहिलं तेच वाचणार. 'विंचेस्टर' या टोपणनावाने गाजलेली रचना ती हीच. हा डबाही यंत्रातून काढता येत होता, आणि आजच्या पोर्टेबल डिस्कचा खरा पूर्वज मी त्यालाच मानतो. रॅमॅक फार तर दूरचा खापरपणजोबा. गंमत अशी की सगळं आत बंद झाल्यावर डबा बाहेर काढण्याचं कारणच उरलं नाही. १९७५ च्या ३३५० या यंत्रात तो कायमचा आत बसला, आणि पुढचा सगळा वंश या घरबशा शाखेचा. अॅलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांच्या सीगेटने १९८० मध्ये काढलेली सव्वापाच इंची, पाच एमबीची डिस्क काय किंवा १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमधली दहा एमबीची डिस्क काय, दोन्ही संगणकाच्या पोटात स्क्रूने आवळलेल्या. नेआण फ्लॉपीकडे गेली.

बंद डब्यात काय चालतं ते एकदा नीट पाहिलं की घरबशेपणाचं कारण कळतं. अडीच इंची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते तेव्हा तबकडीची कड ताशी साठ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत असते. हेड तिला टेकत नाही. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर ते तरंगतं, आणि मधली फट असते काही नॅनोमीटरची. हवा हा इथे यंत्राचा एक भागच आहे. म्हणून साध्या हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आतून गाळणी लावलेलं, आणि शेजारी ते झाकू नका अशी ताकीद छापलेली. हवा विरळ झाली की तरंगणं बिघडतं. उत्पादक साधारण ३,००० मीटर उंचीची मर्यादा घालतात ती यामुळेच. याचा एक दाखला: २०१७ च्या एप्रिलमध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या वेधशाळांनी कृष्णविवराच्या प्रतिमेसाठी जी निरीक्षणं नोंदवली, ती पाच पेटाबाइटच्या आसपास, म्हणजे सुमारे ५,००० टीबी भरली. इंटरनेटवरून ती पाठवणं अव्यवहार्य होतं, म्हणून सुमारे अर्धा टन डिस्का विमानाने अमेरिकेत हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कांना तर तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत थांबावं लागलं. या वेधशाळांपैकी काही चार-पाच हजार मीटरवर आहेत. तिथे साध्या डिस्का चालण्यासारख्या नव्हत्या, म्हणून हेलियम भरून सील केलेल्या वापरल्या. माहितीच्या वाहतुकीचा हा बहुधा सर्वांत गाजलेला प्रसंग, आणि त्यातही डिस्कला तिच्या लाडाचं वातावरण सोबत बांधून द्यावं लागलं.

या घरबशीला प्रवासाचं पहिलं शिक्षण दिलं लॅपटॉपने. अमेरिकेतल्या प्रेअरीटेक कंपनीने १९८८ मध्ये अडीच इंची डिस्क आणली, २० एमबीची. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, म्हणून विजेची काटकसर आली आणि मोठ्या डिस्कला लागणारे १२ व्होल्ट सोडून पाचावर भागवण्याची सवय लागली. तो मांडीवर, बॅगेत, गाडीत असायचा, म्हणून फिरणं थांबताना हेड तबकडीवर न उतरवता कडेच्या उतरंडीवर नेऊन ठेवण्याची युक्ती आली. तरी हे शिक्षण बंद असतानाच्या प्रवासाचं होतं. चालू डिस्कला बसलेला धक्का तिला आजही सोसत नाही. आणि पोर्टेबल डिस्क म्हणून आपण जे विकत घेतो ते म्हणजे बहुतांशी हीच लॅपटॉपची डिस्क, यूएसबीची भाषा तिच्या भाषेत उतरवणारी एक चिमुकली पट्टी, आणि वर प्लास्टिकची खोळ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नुसती 'केसिंग' वेगळी विकत मिळे. जुन्या लॅपटॉपची डिस्क काढायची, केसिंगमध्ये सरकवायची, झाली पोर्टेबल. खास वेगळी घडण असती तर असा घरगुती उद्योग जमलाच नसता.

इथे पहिला आक्षेप येतो: मग श्रेय आकारालाच द्या की, डिस्क छोटी आणि दांडगी झाली म्हणून ती बाहेर पडली. दांडगी झाली यात शंका नाही. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे सापडलेल्या चुंबकीय परिणामावर चालणारी हेडं आयबीएमने १९९७ मध्ये बाजारात आणली, आणि डिस्कांच्या क्षमतेने उसळी घेतली. दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. पण क्षमता हेच कारण असतं तर घराघरात साडेतीन इंची बाह्य डिस्क गेली असती. तिच्यात नेहमीच जास्त मावलं आणि दर टीबीमागे ती स्वस्तही पडली. तिला वेगळा अॅडॅप्टर लागतो, एवढंच तिचं उणं. शिवाय बाहेर ठेवायच्या डिस्का ऐंशीच्या दशकातही होत्या. मॅकिंटॉशला स्कझी केबलने जोडायच्या. मागे क्रमांकाचं बटण फिरवायचं, साखळीच्या शेवटी टर्मिनेटर लावायचा, चुकलं तर काहीच चालायचं नाही. सय्यद इफ्तिखार यांच्या सायक्वेस्टची ४४ एमबीची काडतुसं छपाईच्या धंद्यात चालली, आयओमेगाच्या १०० एमबीच्या झिपने नव्वदच्या दशकात धूम केली, पण दोन्हींत समोरच्याकडेही तेच यंत्र असावं लागे. क्षमता होती, केबल होती. समोर कोणताही संगणक असला तरी चालेल ही खात्री नव्हती.

ती खात्री यूएसबीने दिली, आणि तीही लगेच नाही. १९९६ च्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. २० जीबी भरायला पाच तासांवर वेळ. २००० मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा तेच काम पाव तासावर आलं. विंडोज ९८ ला प्रत्येक उपकरणासाठी ड्रायव्हरची सीडी लागे. २००१ च्या एक्सपीला बहुतेक वेळा ती लागेना. आणि त्याच तारेतून वीज: पाच व्होल्ट, जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. पोर्टेबल डिस्कचा आकार ठरला तो माझ्या मते या अडीच वॉटांवर. अडीच इंची डिस्क तेवढ्यात कशीबशी चालते, साडेतीन इंची नाही. कशीबशी याचा पुरावा म्हणजे त्या काळातली दोन तोंडांची केबल. तबकडी स्थिरावस्थेतून उचलताना क्षणभर जास्त वीज लागते, ती मिळाली नाही तर डिस्क टक्-टक् करत बसते. म्हणून दुसरं तोंड शेजारच्या पोर्टात फक्त विजेसाठी खुपसायचं. २००८ मध्ये ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मर्यादा ९०० मिलिअँपिअरवर नेली आणि ती दुतोंडी केबल गेली. तिच्या जागी रुंद, मधे खाच असलेली पिन आली.

जाणकार इथे फायरवायर या दुसऱ्या तारेचं नाव घेतील, आणि हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फायरवायर यूएसबीच्या आधी वेगवान होती, तिच्यातून वीज भरपूर मिळे, तिच्यावर चालणाऱ्या पोर्टेबल डिस्का मॅकवाल्यांकडे आणि व्हिडिओ संकलकांकडे होत्या. सगळं खरं. पण ती त्यांच्याच टेबलांवर राहिली. हिंडणाऱ्या वस्तूला चांगल्या तारेपेक्षा सगळीकडे असलेली तार उपयोगी पडते, आणि सायबर कॅफेतल्या कळकट पीसीला यूएसबी होती. अर्थात तार एक झाली तरी आतली फाइलींची मांडणी एक झाली नाही. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि फॅट३२ चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. लग्नाचा अख्खा व्हिडिओ टीव्हीवर लावू पाहणाऱ्या कितीतरी घरांनी या भांडणाचा प्रसाद खाल्ला आहे.

पेन ड्राइव्हला पूर्वज मानावं का? २००० च्या सुमारास तो आला तेव्हा जेमतेम आठ एमबीचा होता, आणि त्याने फ्लॉपीची गादी चालवली: भरा, न्या, उतरवा, पुसा. पोर्टेबल डिस्ककडेही सुरुवातीला हेच काम होतं. वसतिगृहांत सिनेमे आणि मालिका डिस्कवरूनच फिरल्या. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हा व्यवहार ओसरला. डिस्क मात्र घरात उरली आणि तिचं काम गुपचूप बदललं. फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, घराचे स्कॅन केलेले कागद तिच्यात टाकले आणि मूळ जागेवरून पुसले, कारण जागाच त्यासाठी करायची होती. आता नेआण करणारी वस्तू तिजोरी झाली, आणि तिच्यातली प्रत एकुलती एक. बॅकअप हा शब्द सर्रास वापरतात, पण एकुलत्या प्रतीला बॅकअप म्हणणं चूक आहे. क्लाउडने हा प्रश्न मिटवला असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की क्लाउडचा मोठा साठाही हार्ड डिस्कांवरच आहे. फरक इतकाच, की तिथे त्या एका जागी, अखंड विजेवर, थंड हवेत बसलेल्या असतात आणि प्रत एकीवर विसंबून नसते. म्हणजे डिस्कला तिचा मूळ धर्म पाळू दिलेला असतो. त्याचं भाडं दरमहा भरायचं की नाही, हा वेगळा हिशेब.

राहिला पर्याय एसएसडीचा. तिच्यात फिरणारं काही नाही, पडण्याचं भय फारसं नाही. हिंडण्यासाठी ती हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी लायक. पण विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्या पेशींतला विद्युतभार झिरपतो, त्यामुळे कपाटातल्या तिजोरीची जागा ती बिनदिक्कत घेऊ शकत नाही, आणि दर टीबीमागे महागही पडते. लॅपटॉपवाले तरी सरळ तिच्याकडे गेले. त्यामुळे अडीच इंची फिरत्या डिस्कचं माहेर सुटलं, आणि उरलेल्या बाजारात मोठा वाटा पोर्टेबलचा. काही उत्पादक आता यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या मूळ पट्टीवरच जोडतात. ते तुटलं तर डिस्क खोळीतून काढून दुसऱ्या संगणकाला लावण्याची पूर्वीची पळवाट बंद. पाच टीबीच्या पोर्टेबलमधली डिस्क १५ मिलिमीटर जाड आहे. लॅपटॉपच्या खणाची उंची असे सात किंवा साडेनऊ मिलिमीटर.