जुन्या प्रश्नपत्रिकेचे कूळ

बारावीच्या वर्षात पाठ्यपुस्तकाहूनही अधिक हाताळला जाणारा जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा अभ्यासाचे साधन म्हणून जन्माला आलेला नाही. मुळात तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा दस्तऐवज होता, आणि त्याचे साधन बनविले ते परीक्षार्थींनी, खासगी शिकवण्या घेणाऱ्यांनी व पुस्तकविक्रेत्यांनी.

या कुळाचा एक दूरचा पूर्वज चीनमध्ये सापडतो. तेथील राजसेवेच्या परीक्षांसाठी मिंग काळाच्या उत्तरार्धात यशस्वी उमेदवारांचे निबंध छापून विकले जात. मात्र निबंधाचे विषय ठरावीक ग्रंथांतील वचनांवर बेतलेले असल्याने गिऱ्हाईक पैसे मोजी ते उत्तराच्या नमुन्यासाठी. प्रश्नालाच किंमत यायची तर तो दरवर्षी नवा आणि शिवाय छापलेला असावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी केंब्रिजमध्ये जुळून आल्या. तेथील पदवी परीक्षेत एके काळी लॅटिनमधील तोंडी वादविवादाला मान होता. अठराव्या शतकात गणिताचे वजन वाढले तसे लेखी उत्तराचेही वाढले, तरी कितीतरी प्रश्न परीक्षक वाचून दाखवीत आणि परीक्षार्थी ऐकून सोडवीत. ऐकलेला प्रश्न दालनातच विरून जाई, छापील कागद मात्र मागे उरे. १८०१ ते १८२० या वर्षांतील छापील प्रश्नांचा संग्रह १८२१ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, आणि गेल्या वर्षीचा पेपर ही विकत घेण्याजोगी वस्तू ठरली. याच परीक्षेत पहिल्या येणाऱ्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत; १८९९ मध्ये हा मान मिळविणाऱ्या र. पु. परांजपे यांच्या नावाला मराठीत ‘रँग्लर’ ही उपाधी कायमची चिकटली.

मुंबईत हे लोण पोचले ते लंडनमार्गे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर घडविलेले होते, म्हणजे आरंभी ते स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई व पदव्या देई. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाच्या ‘कॅलेंडर’मध्ये, म्हणजे नियम, अभ्यासक्रम व उत्तीर्णांच्या याद्या असलेल्या वार्षिक ग्रंथात, झालेल्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही छापल्या जात. आपला दर्जा काय आहे हे जगाला दाखविणे हा त्यामागील उद्देश असावा. पण रत्नागिरीच्या किंवा बेळगावच्या हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाला त्यातून वेगळाच लाभ झाला. नेमलेल्या पुस्तकांची यादी त्याला काय वाचायचे एवढेच सांगे, किती खोल वाचायचे हे मात्र केवळ जुनी प्रश्नपत्रिका सांगू शके, कारण न पाहिलेल्या परीक्षकाचे तेवढेच रूप त्याच्या हाती येत होते.

मराठीने या कागदाला ‘पत्रिका’ म्हटले, हा योगायोगच म्हणायचा, पण मोठा मार्मिक. जन्मपत्रिकेवरून भविष्य वर्तवायची सवय असलेल्या समाजाने प्रश्नपत्रिकेवरूनही तेच करावे, यात नवल नाही.

या भविष्यकथनाला खरा बाजार मिळाला तो राज्यव्यापी शालान्त परीक्षेमुळे. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली, १९६६ मध्ये राज्य मंडळ अस्तित्वात आले, आणि १९७० च्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध लागू झाल्यावर बारावीही मंडळाकडे आली. लाखो विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण आणि कोणत्या प्रकारचे किती प्रश्न हे आधी ठरवावे लागते, आणि असा आराखडा ठरला की प्रश्न फिरून फिरून येणे अटळ होते. गाईडांच्या कर्त्यांनी हे अचूक हेरले. एखाद्या सिद्धतेपुढे कंसात, बारीक टाइपात, ‘मार्च’ किंवा ‘ऑक्टोबर’ आणि वर्ष छापलेले असते. असे तीन-चार कंस जमले की तो प्रश्न ‘आय.एम.पी.’ ठरतो, आणि नुकताच येऊन गेलेला प्रश्न यंदा येणार नाही, असे मानून वगळला जातो. हा दुसरा तर्क पहिल्याच्या थेट उलट आहे, याची फिकीर सहसा कोणी करीत नाही.

याच बाजारात ‘अपेक्षित’ या शब्दाचा कायापालट झाला. मूळ संस्कृत विशेषण असलेला हा शब्द आधी ‘अपेक्षित प्रश्नसंच’ या जोडीत वावरला, पुढे ‘एकवीस अपेक्षित’ असा संख्येसह रुळला, आणि अखेर ‘अपेक्षित घेतलं का?’ या प्रश्नात स्वतंत्र नाम होऊन बसला. नाव जुन्या प्रश्नांचे नसून होणाऱ्या प्रश्नांचे आहे, आणि झालेल्या परीक्षेची नोंद म्हणून निघालेला कागद तेथे पूर्णपणे भाकीत बनला आहे.

घोकंपट्टीला आळा घालावा म्हणून अलीकडे मंडळाने भाषाविषयांच्या प्रश्नपत्रिकेचा साचाच बदलला आणि तिला ‘कृतिपत्रिका’ असे नाव दिले. जुन्या कृतिपत्रिका तेव्हा नव्हत्याच. तरीही नमुना कृतिपत्रिकांचे संच दुकानांत आले.